स्पार्क प्लगवरील खुणांचे वाचन

अमेरिकेतील पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत मोटार काही सेकंदांतच धाव पुरी करते. इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडले असेल, तर त्या अवधीत काय घडले हे जाणण्याचे जुने साधन म्हणजे स्पार्क प्लग. या वायूत वजनाने सुमारे ३६ टक्के प्राणवायू असतो. त्या मानाने इंधन कमी पडले किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळू लागतो.

प्लग ‘वाचणे’ हा तंत्रज्ञांचा शब्दप्रयोग. वस्तुतः हे वाचन न्यायशास्त्रातील धूमावरून केलेल्या अग्नीच्या अनुमानाशी अधिक जवळचे आहे. कारण येथील खूण संकेताने ठरलेली नसून कार्यकारणभावाने उमटते. मात्र प्रत्येक खुणेचे स्थान निराळे. प्लगच्या वाकविलेल्या पट्टीवर उष्णतेने रंग बदलल्याची रेषा दिसते; ती टोकाकडे असल्यास ठिणगी उशिरा, बुडाकडे सरकल्यास फार लवकर पडली असे समजतात. इंधनाचा अंदाज चिनीमातीच्या खोल मुळाशी उमटणाऱ्या काजळीच्या कड्यावरून घ्यावयाचा. वरच्या पांढऱ्या भागावर चकाकणारे बारीक ठिपके दिसले, तर डिटोनेशन झाले. ते ठिपके पिस्टनचेच अंश होत. नवखा मनुष्य पांढरा रंग पाहूनच इंधन कमी पडल्याचे ठरवितो. ही चूक होय. नव्या प्लगच्या चिनीमातीवर एका धावेत सहसा रंग चढतच नाही.

धाव संपताच इंजिन बंद करून गाडी ओढून आणावी लागते. ते संथ चालू ठेवून परत आणले, तर नवी काजळी आधीच्या खुणांवर बसते. शिवाय आठ सिलिंडरांचे आठही प्लग पाहावयास हवेत. एकाच सिलिंडरात इंधन कमी गेले असेल, तर उरलेले सात त्याविषयी काहीच सांगत नाहीत.