गाडी शिकायची घरबसल्या की वर्गात?

बारावीची परीक्षा संपते, मे महिन्याचे ऊन दिल्लीला भाजून काढू लागते आणि घराघरांत एक जुनाच वाद नव्याने रंगतो. घर द्वारकेतले असो की मयूर विहारमधले, नोएडाचे असो की गुरुग्रामचे, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आता मेट्रोचे कार्ड पुरेसे वाटत नाही. बाबांची गाडी खाली उभी असते, किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर लटकत असते आणि मैत्रिणींपैकी दोघींनी लायसन्स काढलेलेही असते.

‘‘आई, क्लासबिस काही नको गं. सगळं मोबाइलवर आहे. परीक्षासुद्धा घरी बसून देता येते!’’

‘‘परीक्षा देशील घरी बसून, पण गाडी काय दिवाणखान्यात चालवणार आहेस?’’

दोघींचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आधी मुलीची बाजू पाहू. दिल्ली सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये परिवहन खात्याच्या कितीतरी सेवा घरबसल्या देण्यास सुरुवात केली. शिकाऊ परवान्याची परीक्षा त्यांतलीच एक. महाराष्ट्रात हीच सोय त्याच वर्षी जूनमध्ये सुरू झाली होती. आधार क्रमांकावरून ओळख पटवायची, रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहायची, मग कॅमेऱ्यासमोर बसून पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. केंद्राच्या नियमांनुसार शिकाऊ परवान्याचे शुल्क १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. जुने दिल्लीकर आरटीओच्या कचेरीला अजूनही ‘अथॉरिटी’ म्हणतात. तिथल्या रांगा, खिडक्या आणि दलाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही सोय वरदान वाटली तर नवल नाही.

पण या परीक्षेत उत्तीर्ण व्हायला ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. म्हणजे दहापैकी चार प्रश्न चुकले तरी परवाना हातात पडतो. कुठले चार चुकले, याची चौकशी घरात कोणी करत नाही. ते चार नेमके गोल चक्करात कोणी आधी जायचे, झेब्रा क्रॉसिंगवर कोणी थांबायचे, असे असले तर? शिवाय कॅमेऱ्याला परीक्षार्थीचा चेहरा दिसतो. पडद्याआडून हळूच उत्तर सांगणारा दादा किंवा पैसे घेऊन ‘सगळं करून देणारा’ कोपऱ्यावरचा दुकानदार त्याला दिसेलच असे नाही. ज्या घरात अशी परीक्षा दिली जाते, त्या घराने मुलाला गाडी चालवण्याचा पहिला धडा फारच वाईट दिला असे म्हणावे लागेल.

तरीही घरबसल्या शिकण्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. वाहतुकीच्या खुणा पाठ करण्यासाठी कोणाच्या वर्गात जाऊन बसण्याची गरज नसते. आज्ञा देणाऱ्या खुणा बहुतेक गोल, सावध करणाऱ्या त्रिकोणी आणि माहिती देणाऱ्या चौकोनी, एवढे एकदा डोक्यात बसले की निम्मे काम झाले. सरकारच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावर सराव परीक्षाही आहे. ती मुलीने दहा वेळा द्यावी आणि शंभर टक्के गुण मिळेपर्यंत सोडू नये. आईबाबांनीही एकदा देऊन पाहावी! वीस वर्षे गाडी चालवणाऱ्यांची त्यात कशी भंबेरी उडते ते मुलांना पाहू द्या. घरात थोडा हशा होईल आणि बाबांचा तोराही जरा उतरेल.

वर्ग म्हणावे असे काही असते का?

आता आईची बाजू. ‘क्लास लावू’ असे ती म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर फळा, बाके आणि शिकवणारे सर असतात. प्रत्यक्षात वस्तीतल्या अनेक मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये काय असते? एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता आणि बाहेर छपरावर पाटी लावलेली एक छोटी मोटार. वर्ग नसतोच. पहिल्याच दिवशी शिष्येला चालकाच्या जागेवर बसवून ‘‘क्लच दबाओ, पहला गिअर डालो’’ सुरू होते.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यांनुसार खासगी गाडीसाठी शिकवणीचा काळ किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान १० तासांचे असायला हवे. आता हिशेब करून पाहा. तुमच्या कॉलनीतला क्लास पंधरा दिवसांचा आणि रोज अर्ध्या तासाचा असेल तर बेरीज होते साडेसात तास. त्यातून गाडीत आणखी दोन शिकाऊ बसलेले असतील आणि त्यांना घरून आणण्या-सोडण्यातच वेळ जात असेल, तर तुमच्या मुलीच्या वाट्याला खरोखर किती मिनिटे येतात? फी विचारण्याआधी हे विचारायला हवे. आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न असतो, ‘‘लायसन्सपण तुम्हीच काढून देणार ना?’’

आणखी एक गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतात. सुरक्षिततेसाठी ते हवेतच. पण होते असे की गाडी बंद पडू नये म्हणून क्लच तोच सांभाळतो, समोर ई-रिक्षा आडवी आली की ब्रेकही तोच दाबतो आणि चौदाव्या दिवशी मुलगी आनंदाने घरी सांगते, ‘‘मला येते आता!’’ तिला येते ते स्टिअरिंग फिरवणे. पंधराव्या दिवशी बाबांच्या गाडीत ती बसते तेव्हा गाडी आश्रम चौकाच्या चढावर मागे घसरू लागते आणि मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू होतो. म्हणून शेवटचे तीन-चार दिवस तरी शिकवणाऱ्याने पाय बाजूला ठेवावेत, अगदीच संकट आल्याशिवाय ब्रेकला शिवू नये, असे त्याला स्पष्ट सांगावे. चांगला शिकवणारा हे ऐकून रागावत नाही.

खरा वर्ग पाहायचा असेल तर दिल्लीत तोही आहे. दिल्ली सरकार आणि मारुती यांनी मिळून वझिराबाद आणि सराय काले खां येथे वाहनचालक प्रशिक्षण व संशोधन संस्था चालवल्या. तेथे शिकवायला खोल्या आहेत, सरावाचा स्वतंत्र रस्ता आहे आणि सिम्युलेटरही आहेत. सिम्युलेटर म्हणजे पडद्यासमोर ठेवलेली खोटी मोटार; तीत रात्र, पाऊस, धुके हवे तेव्हा आणता येते. पुढे जुलै २०२१ पासून केंद्र सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची नवी पद्धत सुरू केली. तीत हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे : ८ तास वर्गात, २१ तास प्रत्यक्ष. हा अभ्यासक्रम पुरा करून तिथली परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची वाहन चाचणी द्यावी लागत नाही. साध्या ट्रेनिंग स्कूलच्या दाखल्यावर ही सूट मिळत नाही, म्हणून पैसे भरण्यापूर्वी मान्यतेचा कागद डोळ्यांनी पाहून घ्यावा. काही ठिकाणी महिला प्रशिक्षकही असतात. मुलीला त्यांच्याकडे शिकणे बरे वाटत असेल तर तसे मोकळेपणाने सांगायला काहीच हरकत नाही.

त्या आठ तासांत असे काय मिळते, जे मोबाइलवर मिळत नाही? एक प्रश्न घ्या. ल्युटेन्सच्या दिल्लीत पावलापावलावर गोल चक्कर आहे. आधी कोणी जायचे? वर्गात हा प्रश्न टाकला की एक म्हणतो, ज्याची गाडी मोठी तो. दुसरा म्हणतो, ज्याने हॉर्न आधी वाजवला तो. सगळे हसतात. मग शिकवणारा सांगतो, चक्करात जो आधीच शिरला आहे त्याचा हक्क पहिला. आपण उजवीकडे पाहायचे आणि त्याला जाऊ द्यायचे. २०१७ च्या वाहन चालवण्याविषयीच्या विनियमांत हेच आहे. मोबाइलवर हे उत्तर एका सेकंदात मिळते आणि दुसऱ्या सेकंदाला विसरते. पण वीस जणांत आपले चुकीचे उत्तर हशात गेले की ते जन्मभर लक्षात राहते! बसच्या मार्गिकेत का शिरायचे नाही, उलट दिशेने येणाऱ्या ई-रिक्षाशी हुज्जत घालण्यापेक्षा तिला वाट का द्यावी, अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याचे संरक्षण कसे आहे, या गोष्टी बोलण्यातून उमजतात. त्यांना योग्य पर्याय निवडा, हा प्रकार पुरत नाही.

परदेशात काय करतात, असेही विचारले जाते. दिल्लीच्या कितीतरी मराठी घरांतली भाचरे-पुतणे आता अमेरिकेत आहेत आणि ‘तिकडे तर सगळे ऑनलाइन’ ही बातमी तेथूनच येते. ती अर्धी खरी आहे. कॅलिफोर्नियात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना नियमांचा अभ्यासक्रम संगणकावर पुरा करता येतो. पण त्यानंतर त्यांना पगारी प्रशिक्षकाकडे ६ तास गाडी चालवावी लागते आणि मोठ्या माणसाला शेजारी बसवून ५० तास. त्यांतले १० तास रात्रीचे! भाची फोनवर संगणकाचे सांगते, मामीने शेजारी बसून काढलेल्या त्या पन्नास तासांचे सांगायचे तिच्या लक्षात येत नाही.

‘नुसतं शिकून तर ठेवू दे’

आतापर्यंतची चर्चा अठरा पूर्ण झालेल्यांची. पण खरी काळजी आहे ती सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची. ‘‘लायसन्स नंतर काढू, आत्ता नुसतं शिकून तर ठेवू दे,’’ असे म्हणणारे वडील प्रत्येक सोसायटीत भेटतात. मुलगा ट्यूशनला स्कूटर नेतो, याचे कौतुक सांगणाऱ्या आयाही भेटतात.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने फक्त ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी चालवता येते. आज बाजारात दिसणाऱ्या स्कूटर शंभर सीसीच्या वर आहेत. म्हणजे ट्यूशनच्या दारात उभ्या असलेल्या बहुतेक स्कूटर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी बेकायदाच. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, अगदी कमी शक्तीची विजेची छोटी स्कूटर तेवढी परवान्याच्या कक्षेबाहेर आहे. मोटार तर अठरापूर्वी नाहीच, शिकण्यासाठीही नाही.

सप्टेंबर २०१९ पासून कायदा आणखी कडक झाला. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला माहीतच नव्हते’ एवढे म्हणून सुटका नाही. ते सिद्ध करण्याची जबाबदारी पालकांवर असते.

एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीच्या सिव्हिल लाइन्स भागात अठरा पूर्ण व्हायला काही दिवसच बाकी असलेल्या मुलाच्या मोटारीखाली रस्ता ओलांडणारा ३२ वर्षांचा तरुण सापडला. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. तेव्हा त्या मुलाला निबंध लिहायला सांगितले गेले, यावर देशभर चर्चा झाली. त्याच्या हाती गाडी कोणी दिली, यावर मात्र घराघरांत तेवढी चर्चा झाली नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. अशा रस्त्यावर ‘शिकून तर ठेवू दे’ला जागाच नाही. अठरापूर्वी मुलांना शिकवायचेच असेल तर शेजारी बसवून रस्ता वाचायला शिकवावा. पुढचा बसवाला आता काय करील? त्या उभ्या टॅक्सीचे दार उघडेल का? हा खेळ आग्र्याच्या वाटेवर दोन तास सहज पुरतो.

शेजारची जागा

मग निवड कशी करावी? माझे मत विचाराल तर खुणा आणि नियम घरी, पडद्यावर. विवेक शिकायला वर्ग, तोही खरा वर्ग असेल तर. आणि हातपाय बसायला दोन्हींपेक्षा जास्त तास, तुमच्या देखरेखीखाली. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. बहुतेक जण एकतिसाव्या दिवशीच चाचणीची तारीख घेतात. ही घाई कशाला? सहा महिने हातात आहेत, ते वापरावेत. नोएडाचा शिकाऊ परवाना दिल्लीतही चालतो, कारण तो देशभर ग्राह्य असतो. मात्र गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी परवानाधारक माणूस हवा. गाडी वेळीच थांबवता येईल अशा तऱ्हेने त्याने बसायचे असते. मोबाइल पाहत बसलेले बाबा या व्याख्येत बसत नाहीत.

डोळ्यांची परीक्षा घरीच घ्या. परवान्याच्या अर्जासोबतच्या आरोग्याच्या निवेदनात प्रश्न असतो : स्वच्छ उजेडात २५ मीटरवरून, चष्मा असल्यास लावून, मोटारीच्या नंबराची पाटी वाचता येते का? सोसायटीच्या आवारात पंचवीस मोठी पावले मोजा आणि मुलीला विचारा. चष्म्याचा नंबर वाढल्याचे कितीतरी घरांत असेच कळेल.

चाचणीही आता पूर्वीसारखी ‘जरा पुढे घ्या, जरा मागे घ्या’ राहिलेली नाही. सराय काले खां, लाडो सराय अशा ठिकाणच्या स्वयंचलित मार्गांवर कॅमेरे आणि सेन्सर चुका मोजतात. आठचा आकडा, उलट ‘एस’, दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावणे, चढावर थांबून पुन्हा निघणे, यांतले काहीच ओळखीने होत नाही.

परवाना मिळाला तरी पहिल्या हिवाळ्यात शेजारची जागा सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नोएडा-ग्रेटर नोएडा एक्स्प्रेसवेवर धुके असे उतरते की पुढची गाडी दहा हातांवर आल्यावरच दिसते. अशा सकाळी मुलीने ‘‘आज मी चालवते’’ म्हटले तर आधी तिला धुक्याचे दिवे आणि मागच्या काचेचा डिफॉगर कुठल्या बटणावर लागतो ते दाखवायला सांगा. सापडत नसेल तर त्या दिवशी मेट्रोचे कार्ड आहेच.