इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बदलण्याचे काम

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत विजेच्या सामानाचे आणि रेडिओ-टी.व्ही.च्या सुट्या भागांचे गिऱ्हाईक नेहमीचेच. त्यात आता पाठीला गिटार लावलेली मुलेही दिसतात. एखादा पॉट, एक कपॅसिटर, हातभर वायर घेतात आणि जातात. हे सामान त्यांना गिटारचा आवाज बदलण्यासाठी हवे असते.

आमचा धंदा कापडाचा. या विषयाशी संबंध आला तो भाच्यामुळे. त्याच्या गिटारचा आवाज बसला, तेव्हा एका दुकानदाराने पिकअप गेला असे सांगून नवा बसवला आणि जुना फेकून दिला. पैसे गेले, आवाज तसाच राहिला. शेवटी एका वयस्क रेडिओ मेकॅनिकने उघडून पाहिले, तर जॅकजवळचा सोल्डरचा डाख सुटला होता. दोन मिनिटांचे काम! त्यानंतर आम्ही या कामाची माहिती घेतली. मोटार रिवाइंडिंग आणि रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या आपल्या कारागिरांना ती उपयोगी पडेल.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वरची स्टीलची तार छेडली की चुंबकाच्या क्षेत्रात फरक पडतो आणि गुंडाळीत अगदी थोडी वीज तयार होते. हे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले. सायकलचा डायनामो त्यावरच चालतो. म्हणूनच नायलॉनच्या तारेवर हा पिकअप काम करीत नाही.

साध्या एकेरी पिकअपमध्ये बहुधा ४२ गेजची, म्हणजे सुमारे ०.०६३ मि.मी. जाडीची तार असते आणि तिचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. वेढे वाढवले की आवाज मोठा व भरीव होतो, पण वरची चमक कमी होते. मागावर कांड्या भरणाऱ्याला ताणाचे महत्त्व सांगायला नको. येथेही तसेच आहे. ताण जास्त झाला तर तार तुटते, सैल राहिली तर पिकअप मोठ्या आवाजात शिट्टी मारतो. त्यासाठी गुंडाळी पातळ मेणात बुडवून काढतात. मेण नेहमी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. थेट आचेवर ते पेट घेते, आणि फार तापले तर प्लास्टिकची बॉबिन वाकते.

एकेरी पिकअप घरातील विजेची घरघर पकडतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी यावर उपाय काढून १९५५ साली पेटंटचा अर्ज केला. शेजारी-शेजारी दोन गुंडाळ्या, त्यांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट. त्यामुळे घरघर कटते, सूर राहतो. याला हंबकर म्हणतात.

गिऱ्हाईक आवाज बदलून मागते तेव्हा लगेच नवा पिकअप सुचवू नये. आधी फुकटचा उपाय, मग स्वस्त, मग महाग. सर्वांत आधी डाख आणि जॅक तपासावेत. त्यानंतर स्क्रूने पिकअपची उंची बदलून पाहावी. तारेजवळ नेला की आवाज वाढतो, पण फार जवळ गेला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर बिघडतो.

त्यानंतर पॉट. एकेरी पिकअपला साधारणपणे २५० किलोओहमचा आणि हंबकरला ५०० चा वापरतात. किंमत कमी केली की आवाज मऊ होतो, वाढवली की उजळतो. टोनच्या पॉटला बहुधा ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. मोठा लावला तर टोन कमी केल्यावर आवाज अधिक गडद होतो. टोन पूर्ण उघडा असताना मात्र फरक जवळजवळ कळत नाही. येथे वीज इतकी थोडी असते की महागडा कपॅसिटर घेण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकाला हे खरे सांगावे.

घरघर जास्त असेल तर आतील खाचेला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडतात. हंबकरला चार वायरी बाहेर काढलेल्या असतील तर ओढण्याच्या स्विचवर एक गुंडाळी बंद करता येते. मग एकाच गिटारमधून दोन तऱ्हेचे आवाज निघतात. एका वेळी एकच बदल करावा, आणि काहीही सोडवण्यापूर्वी जोडणीचा नकाशा कागदावर काढून ठेवावा.

एक गोष्ट जिवाची आहे. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याचा हात थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थवर असतो. १९७२ साली लेस्ली हार्वे हा तरुण स्कॉटिश गिटारवादक स्वान्सी येथे स्टेजवरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. मायक्रोफोनचे अर्थिंग नीट नव्हते. आपल्याकडे मांडवातील वायरिंग कसे असते हे सर्वांना ठाऊक आहे. तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग यांत तडजोड नको. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर तर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून ठेवतो. माहिती नसताना तो उघडू नये.

वाद्याचा आवाज कारागिराच्या हाताने घडतो ही आपल्याला नवी गोष्ट नाही. मिरजेचे शिकलगार पूर्वी हत्यारे घडवीत व त्यांना धार लावीत. पुढे ते सतार-तंबोऱ्याकडे वळले. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. घोडी घासून जवारी काढणारा कारागीर आणि पॉट बदलणारा मेकॅनिक, दोघांचेही काम कानाचे आहे.

सुरुवात करणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या वाद्यावर हात शिकू नये. जुन्या बाजारातून बंद पडलेली एखादी गिटार आणावी, एक मल्टिमीटर आणि बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न घ्यावे. आणि काम सुरू झाल्यावर काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावा. भाच्याचा तो चांगला पिकअप आम्हाला काही परत मिळाला नाही.