वेताळाच्या अंकांचा पंचनामा

पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन पडले, की बदलापूरच्या माझ्या घरातील जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा बाहेर काढून एकेक अंक उलगडून पाहण्याचा माझा परिपाठ आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी आमच्या गल्लीत शिरले तेव्हा हा गठ्ठा माळ्यावर असल्यामुळे बचावला. परंतु त्यानंतर कित्येक दिवस भिंतींत मुरलेल्या ओलीने अंकांच्या पिनांना गंज चढवला, आणि तो गंज बाहेरून अणुमात्रही न दिसता आतल्या पानांवर तपकिरी वलयांच्या रूपाने पसरत गेला.

मुंबईच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली, आणि ली फॉक यांचे वेताळ व मँड्रेक, तसेच १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर, हे तिच्यातूनच मराठी घरांत आले. हे अंक वाचण्यासाठी छापलेले होते, जतनासाठी नव्हे. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांनी तर असे आठ-दहा अंक एकत्र शिवून, वर पुठ्ठा चढवून, कडा यंत्रावर सारख्या कापून घेतल्या. पुढे बांधणी उसवून ते सुटे विकले गेले, आणि आज संग्राहकाच्या हाती येणारा अंक कित्येकदा पाव इंचाने आखूड असतो, हे त्याच काळातील न कापलेल्या अंकाशेजारी ठेवल्याखेरीज ध्यानात येत नाही.

प्रतवारीचा सारा कस अशा अदृश्य दोषांतच लागतो. अमेरिकेत २००० साली स्थापन झालेली सीजीसी ही संस्था अंकाला दहापैकी गुण देऊन तो प्लास्टिकच्या आवरणात बंद करते. पण त्याआधी तिचे तपासनीस पानेही मोजतात. १९७४ च्या ‘इन्क्रेडिबल हल्क’ क्रमांक १८१ मध्ये वुल्व्हरीनचे पहिले पूर्ण दर्शन घडते, म्हणून त्याला मोठा भाव आहे. मात्र त्यातील वाचकपत्रांच्या पानावरचे छोटे चित्र-तिकीट त्या काळच्या मुलांनी कात्रीने कापून वहीत चिकटवले असेल, तर मुखपृष्ठ कितीही लखलखीत असले तरी अंकाची किंमत कोसळते.

घरच्या घरी हा पंचनामा करायचा, तर आधी हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, अंक तळहातावर आडवा घ्यावा, आणि पिना, मधला ताव, कडा व कणा या क्रमाने पाहावे. जुन्या रंगीत छपाईत रंग ठिपक्याठिपक्यांनी बसलेला असतो, म्हणून भिंगाखाली जेथे आजूबाजूच्या ठिपक्यांत मध्येच रंग सलग मुरलेला दिसेल, तेथे कोणीतरी पेनाने ओरखडा झाकला आहे असे खुशाल समजावे. आणि अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठिगळाचा नवा कागद बहुधा निळसर पांढरा चमकू लागतो, तेव्हा तर कबुलीजबाबच मिळतो. सीजीसी अशा दुरुस्त अंकाला जांभळे लेबल लावते, आणि त्याला तेवढेच गुण मिळालेल्या अस्पर्श अंकाच्या मानाने पुष्कळ कमी भाव येतो. मला हे न्याय्य वाटते: फाटलेले पान उघड दिसते व त्याचा हिशोब मांडता येतो, परंतु झाकलेले पान घेणाऱ्याचा विश्वास खाते.

काही वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या एका कॅम्पातील रद्दीच्या दुकानात मला वेताळाचा एक अंक मिळाला. मुखपृष्ठावर सुरकुती नव्हती, कोपरे टोकदार होते, आणि मी आनंदाच्या भरात पाने न मोजताच पैसे चुकते केले. अंबरनाथ मागे पडले आणि लोकल बदलापूरकडे निघाली तेव्हा कुठे मी तो वाचावयास घेतला; वेताळ गुहेच्या तोंडाशी उभा होता, आणि पान उलटताच तो एकदम किनाऱ्यावर दिसला. मधला ताव, म्हणजे सलग चार पाने, केव्हाच निखळून गेली होती. दुकानदाराला त्याची वार्ताही नसावी. तो वजनावर रद्दी घेणारा माणूस.

तो अंक मी टाकला नाही. पारदर्शक पिशवीत त्याच्यामागे एक चिठ्ठी आहे, पेन्सिलीने लिहिलेली: मधली चार पाने नाहीत, वरच्या पिनेला गंज, उजवी कडा कापलेली. यंदा उन्हात धरला तेव्हा खालच्या पिनेभोवतीही तांबूस वलय दिसले, ते चौथ्या ओळीत नोंदवले.