हत्तींचा प्रश्न आणि समतोल अहवाल

पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पासाठी मी दोडामार्गच्या रानटी हत्तींचा विषय घेतला, तेव्हा सरांनी एकच अट घातली : अहवाल समतोल हवा. समतोल म्हणजे नेमके काय, याचा उलगडा लिहिता लिहिताच झाला. तो येथे मांडते.

प्रथम घटना पाहू. २००२ साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडण्यात आले. त्यांपैकी दोन पुढे दगावले. २०२० मध्ये तिलारीचे २९.५३ चौरस किलोमीटर जंगल 'संवर्धन राखीव' ठरले. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावी हत्तीच्या हल्ल्यात एका शेतकऱ्याचा प्राण गेला. इथवर वादाला जागा नाही.

वाद पुढे आहे. बागायतदार म्हणतात, हत्ती पकडून न्या. माड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. हत्ती कोवळ्या गाभ्यासाठी तो एका रात्रीत आडवा करतो. भरपाई एकदाच मिळते, माड मात्र पिढीभर पोसतो. वन्यजीवप्रेमी म्हणतात, १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हत्ती आहे. शिवाय एक नेला तरी त्याच वाटेने दुसरा येईल.

दोघांना दोन-दोन पाने दिली म्हणजे समतोल साधत नाही. 'पकडलेल्या हत्तींचे पुढे काय झाले?' हा पुराव्याचा प्रश्न आहे. उत्तर कोणाच्याही बाजूचे असो, जसेच्या तसे लिहावे. 'हत्ती राखण्याचा खर्च कोणी सोसावा?' हा न्यायाचा प्रश्न आहे. तेथे प्रत्येकाचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत मांडावे.

मी मालवणच्या मच्छीमार घरातली, महाविद्यालयात आलेली घरातली पहिलीच. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याविषयी 'आमका कोणी इचारल्यान?' हेच ऐकत मी वाढले. त्यामुळे बागायतदारांचे दुःख मला सहज कळते. म्हणूनच मी हत्तींची बाजू आधी लिहून काढली. जी बाजू आपल्यापासून दूर, तिच्यावर अधिक कष्ट घ्यावेत.

समतोल म्हणजे मत नसणे नव्हे. हत्तींना जंगलातच चारापाणी मिळावे आणि माडाची भरपाई त्याच्या पुढील उत्पन्नाच्या हिशेबाने मिळावी, असे माझे मत झाले. ते मी शेवटी, 'माझे मत' म्हणूनच लिहिले. बागायतदार आणि वनरक्षक या दोघांनाही अहवालात आपले म्हणणे ओळखता यावे, एवढी कसोटी मला पुरेशी वाटते.