ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळावा?



मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, जेवणाच्या रांगेत दोन विषय हमखास निघतात. एक मुलांच्या शाळा आणि दुसरा मुलांचे क्लासेस. आपल्याकडची बरीच मुले पोहण्याबरोबर कराटे, तायक्वांदो किंवा ज्युदोला जातात. एकाच्या मुलाला तीन वर्षांत ब्लॅक बेल्ट मिळतो. दुसऱ्याची मुलगी सहा वर्षे जाऊनही ब्राऊनवरच असते, आणि भारतातून आजी फोनवर विचारतात, "अजून ब्राऊनच का गं?" मग आईबाबांना वाटू लागते की एकतर क्लास चुकला किंवा मुलगी मागे पडली. बहुतेक वेळा दोन्ही खरे नसते. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहायचे ठरवले.

पहिली गोष्ट म्हणजे ब्लॅक बेल्ट ही एक पदवी नाही. एबीआरएसएमची पियानोची पाचवी ग्रेड म्हटली, की ती लीड्समध्ये दिली काय आणि लंडनमध्ये दिली काय, अभ्यासक्रम तोच आणि परीक्षक बाहेरचा. आपल्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांचेही तसेच. ब्लॅक बेल्टचे तसे नाही. तो कोणी द्यावा, किती वर्षांनी द्यावा, याबद्दल या देशात कायदाच नाही. उद्या मी हेडिंग्लीत एखादा चर्च हॉल भाड्याने घेतला, स्वतःच एक 'स्टाइल' काढली आणि काळे पट्टे वाटायला सुरुवात केली, तर मला कोणी अडवू शकत नाही! चांगल्या संघटना आपले नियम कडक ठेवतात, पण ते त्यांच्यापुरते. कित्येक ठिकाणी शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि परीक्षेची फी घेणारा माणूस एकच असतो. त्यामुळे 'किती वर्षे' हा आकडा दोन क्लबांत सारखा येईल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

पूर्वी कसे होते?

आपला समज असा, की पूर्वी म्हणजे जपानमध्ये लोक वीस-वीस वर्षे तपश्चर्या करत आणि मग कुठे काळा पट्टा मिळे. पांढरा पट्टा कधीच धुवायचा नाही, तो मळून मळून काळा होतो, अशीही एक गोष्ट सांगतात. छान आहे, पण खरी नाही.

ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान सुरू केले आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिला डॅन दिला. म्हणजे साधारण एका वर्षात! डॅन ही कल्पनाही त्यांनी 'गो' या पटावरच्या खेळातून घेतली होती. काळा पट्टा त्यानंतर, १८८६ च्या सुमारास आला. कराटेचे तसेच. गिचिन फुनाकोशी ओकिनावाहून १९२२ मध्ये टोकियोला आले आणि १० एप्रिल १९२४ रोजी त्यांनी कराटेतले पहिले डॅन दिले. काही जण ओकिनावात आधी शिकलेले होते हे खरे, पण बाकीच्यांचा सराव दोन वर्षांच्याही आतला होता.

मुळात पहिल्या डॅनला जपानीत 'शोदान' म्हणतात, आणि त्यातल्या 'शो'चा अर्थ सुरुवात. अक्षरे गिरवून झाली, आता वाचायला बसा, इतकाच त्याचा अर्थ. जाणकार सेन्सेई हे सांगतात, पण आपण ऐकतो ते 'मास्टर'!

मधले रंगीबेरंगी पट्टे तर बरेचसे युरोपातले. लंडनमध्ये गुंजी कोइझुमी यांनी १९१८ मध्ये बुडोक्वाई हा क्लब काढला. १९२० मध्ये कानो स्वतः तिथे आले आणि त्यांनी कोइझुमींना दुसरा डॅन दिला. याच क्लबात १९२० च्या दशकात रंगीत पट्टे वापरात आले, आणि पुढे पॅरिसमध्ये मिकिनोसुके कावाइशी यांनी ती पद्धत लोकप्रिय केली. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाला पुढची पायरी जवळ दिसली की तो टिकून राहतो, हे या पद्धतीचे साधे मर्म. त्यात वाईट काही नाही. सात वर्षांच्या मुलाला तर ते हवेच.

आपल्या तालमीत मात्र पट्टा कधीच नव्हता. जत्रेत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर नाहीतर नारळावर लागतात आणि मानाची कुस्ती शेवटी. कोण कुठे आहे हे मैदानातच कळते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला आले तेव्हा सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. कमरेला कुठलाच रंग नव्हता. पण तालमीची गंमत अशी, की पोरगा तिथे राहायचा, रोज पहाटे आणि संध्याकाळी मातीत उतरायचा. आपल्या मुलांचे तसे नाही, आणि इथेच सगळे गणित आहे.

वर्षे नव्हे, तास मोजा

आता हे गणित करून पाहू. आपले मूल सोमवारी आणि गुरुवारी एकेक तास क्लासला जाते. शाळेच्या सुट्ट्या वगळल्या तर वर्षाचे ४० आठवडे. म्हणजे ८० तास. त्यातून सर्दी-खोकला, वाढदिवसाच्या पार्ट्या आणि भारतवारी वजा करा, राहिले ७०. चार वर्षांचे झाले २८०.

जपानमधल्या विद्यापीठाच्या कराटे क्लबात विद्यार्थी आठवड्यातून पाच-सहा दिवस सराव करतात. पाच दिवस आणि दिवसाला दोनच तास धरले, तरी ४० आठवड्यांचे ४०० तास झाले. दोन वर्षांत ८००. तेवढे तास भरायला आपल्या मुलाला अकरा वर्षांहून जास्त लागतील! त्यामुळे 'जपानमध्ये दोन वर्षांत देतात' हेही खरे आणि 'इथे दोन वर्षांत देणे म्हणजे थट्टा' हेही खरे.

मग इथल्या काही क्लबांत अडीच-तीन वर्षांत कसे काय जमते? पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत साधारण नऊ-दहा पायऱ्या असतात. दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग ठेवले आणि कोणालाच नापास केले नाही, की दहा पायऱ्यांचे ३० महिने. हा आकडा मुलाच्या तयारीतून येत नाही, कॅलेंडरातून येतो. क्लबात गेल्या वर्षभरात ग्रेडिंगला कोणी नापास झाले का, किंवा कोणाला 'अजून थांब' असे सांगितले का, हे विचारून पाहा. उत्तर देताना शिक्षक अडखळले तर काय ते समजून घ्या.

माझ्या मते आठवड्यातून दोन-तीनदा नियमित जाणाऱ्या मोठ्या माणसाला कराटे किंवा तायक्वांदोत चार ते सहा वर्षे हा रास्त काळ आहे. ज्युदोत स्पर्धेतल्या लढती जिंकत गेलात तर लवकर, नाहीतर जास्त. ब्राझिलियन जिउ-जित्सूत दहाच्या आसपास वर्षे सर्रास लागतात. तिथे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने १६ वर्षांखाली निळा पट्टासुद्धा मिळत नाही आणि काळ्याला किमान वय १९. आपल्या मुलीचा नऊ वर्षांचा ब्राऊन आणि शेजारच्या मुलाचा तीन वर्षांचा ब्लॅक यांची तुलना करण्याआधी दोघे काय शिकताहेत ते बघायला हवे.

मुलांचा ब्लॅक बेल्ट

दहा वर्षांच्या मुलाला ब्लॅक बेल्ट द्यावा का, यावर या क्षेत्रातल्या लोकांचे मोठे वाद आहेत. मला यात दक्षिण कोरियातल्या कुक्किवॉनची पद्धत पटते. तायक्वांदोची ही मुख्य संस्था १५ वर्षांखालच्या मुलाला डॅन देत नाही, 'पूम' देते, आणि त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. वय झाले की पूमचे डॅनमध्ये रूपांतर करता येते. मुलाची मेहनत वाया जात नाही आणि मोठ्यांच्या पट्ट्याचा अर्थही राहतो. ब्रिटिश ज्युदोत मुलांसाठी 'मोन' नावाच्या १८ छोट्या पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. कराटेच्याही काही क्लबांत 'ज्युनियर ब्लॅक' असतो, बहुधा मधून पांढरी रेघ असलेला.

हा नुसता मानपानाचा प्रश्न नाही. ज्युदोत गळा आवळण्याचे आणि हाताच्या सांध्याला पीळ देण्याचे डाव लहान मुलांसाठी बंद असतात, आणि ते योग्यच आहे. मग जे डाव मुलाने कधी केलेच नाहीत त्यांच्यासकट त्याला 'पूर्ण' कसे म्हणायचे? दुसरे त्याहून महत्त्वाचे. अकरा वर्षांच्या मुलीच्या कमरेला काळा पट्टा बांधला आणि आपण सगळे म्हणालो, "आता काय बाबा, हिला कोणाची भीती नाही!", तर तिला ते खरे वाटते. आणि आपल्यालाही. ७० किलोच्या माणसाने मनगट धरले तर ३० किलोच्या मुलीने करायची पहिली गोष्ट म्हणजे ओरडणे आणि पळणे. चांगले क्लब हे स्पष्ट शिकवतात. पट्ट्याच्या भरवशावर संध्याकाळी एकटीला बसने पाठवायचा निर्णय कृपा करून घेऊ नका.

सातव्या वर्षी सुरू केलेल्या मुलाला बारा-तेराव्या वर्षी ज्युनियर ब्लॅक आणि सोळाच्या पुढे मोठ्यांची परीक्षा, हा वेग मला ठीक वाटतो. पण आपल्या घरांत नेमकी उलटी घाई असते. "इयर टेनच्या आत ब्लॅक होऊन जाऊ दे, मग जीसीएसई आहे." म्हणजे ज्या वयात शरीर आणि समज दोन्ही तयार व्हायला लागतात, त्याच वयात आपण मुलांना काढून घेतो! आठवड्याचा एक तास जीसीएसईच्या वर्षातही निघतो, आणि त्या तासाचा अभ्यासाला फायदाच होतो. १४ वर्षांपासून ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्काराच्या शारीरिक विभागातही मार्शल आर्ट्स धरता येतात. शाळेत आधी विचारून घ्या.

पैशांचेही बोलायला हवे. काही ठिकाणी 'ब्लॅक बेल्ट प्रोग्रॅम' असतो, म्हणजे दोन-तीन वर्षांचा करार, दरमहा डायरेक्ट डेबिट आणि शेवटी ब्लॅक बेल्टची जवळजवळ हमी. सही करण्याआधी मूल मध्येच सोडून गेले तर काय, नोकरीमुळे आपणच गाव बदलले तर काय, हे लेखी घ्या. ग्राहकावर अन्याय करणारी अट २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अॅक्टखाली बंधनकारक नसते, पण ते भांडत बसण्यापेक्षा आधी वाचलेले बरे. ग्रेडिंगची फी, नवा पट्टा, लायसन्स, विमा हे सगळे मिळून वर्षाचे किती, हेही विचारा. ब्लॅक बेल्टच्या ग्रेडिंगची फी बरीच वेगळी असते आणि ती शेवटी कळते!

उलट बाजूही आहे. आठ-नऊ वर्षे नेमाने येणाऱ्या मुलाला काहीच कारण न देता ब्राऊनवर ठेवणारे क्लबही असतात. काय कमी आहे, हे शिक्षकाला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. काता कच्चा आहे, स्पारिंगमध्ये राग येतो, खाली वाकताना पाठ मोडते, असे काहीतरी नेमके. "वेळ आली की कळेल" हे चित्रपटात शोभते.

क्लब निवडताना तो कोणत्या संघटनेचा हेही बघा. तायक्वांदोत कुक्किवॉनची आणि आयटीएफची परंपरा वेगळी, आणि एकाचे प्रमाणपत्र दुसरीकडे सहसा चालत नाही. मूल पुढे विद्यापीठात गेले की तिथल्या क्लबात कदाचित पुन्हा पांढऱ्या पट्ट्याने उभे राहावे लागेल. शिक्षकांचे डीबीएस, विमा आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण यांबद्दल विचारायला संकोच करू नका. चांगला क्लब त्याने रागावत नाही.

सप्टेंबरमध्ये नवी टर्म सुरू होताना बरेच क्लब एखाददुसरा ट्रायल क्लास फुकट देतात. त्या दिवशी भिंतीवरच्या ट्रॉफ्या आणि शिक्षकांचे डॅन बघू नका. वर्गातल्या ब्राऊन बेल्टवाल्या मुलांकडे तासभर बघा. पडताना ती नीट पडतात का, छोट्याशी जोडी लागली तर हात आवरून खेळतात का, आणि शिक्षकांची पाठ वळल्यावर काय करतात.