सहा महिन्यांसाठी आले होते

सांगलीहून नोएडाला आले ती सहा महिन्यांसाठी. आता पाचवं वर्ष चालू आहे. 2017च्या कायदादुरुस्तीमुळे सुनेला 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळाली. ती संपली आणि बाळ माझ्या मांडीवर आलं. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, असंही तोच कायदा सांगायचा. पण राजीव चौकाच्या गर्दीत मेट्रो बदलून तान्ह्याला रोज गुरुग्रामला सुनेच्या ऑफिसात कोण नेणार?

2024च्या नोव्हेंबरात हवेचा निर्देशांक 400च्या वर गेला, लहानांचे वर्ग मोबाइलवर आले. खिडक्या घट्ट लावायच्या, मेतकूट-भात भरवायचा आणि नातवाला पडद्यासमोर बसवायचं. किती दिवस तो नुसता दाराकडे बघत राहायचा! मला फार वाईट वाटे.

खाली बागेत पंजाबी, बंगाली आज्या भेटतात. त्यांच्याकडून मी हिंदी शिकले, नातू माझ्याकडून मराठी.

गुडघेदुखी मी मुलापासून लपवली, ते चुकलंच. मुलं विचारत नाहीत असं नाही. आपणच सांगत नाही. शेवटी सांगितलं, आता रविवार माझा. मुलगा चहा करतो, मी उन्हात बसते. अर्ध्या तासात नातू शोधत येतोच, हातात चपला घेऊन.