एक्झॉस्ट वायू पुनराभिसरण

एक्झॉस्ट वायू पुनराभिसरण (ईजीआर) ही इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडून नायट्रोजन ऑक्साइडांचे उत्सर्जन कमी करणारी पद्धत आहे.

कार्यपद्धती

हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग अतिउच्च तापमानास वेगाने होतो. परत घेतलेल्या वायूत ऑक्सिजन कमी, तर कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ अधिक असते. त्यामुळे ज्वलनाचे कमाल तापमान उतरते. वायूचे प्रमाण एका झडपेद्वारे नियंत्रित केले जाते.

कार्यक्षमता

फोंडा घाटासारख्या चढावर पूर्ण शक्ती लागते, तेव्हा ही झडप बहुधा मिटलेली असते. म्हणून यंत्रणा निर्दोष असल्यास कमाल शक्ती घटत नाही. मध्यम भारावर पेट्रोल इंजिनात इंधनाची थोडी बचतही होते. झडप उघडी अडकल्यास मात्र इंजिनाचा जोर कमी होतो आणि डिझेल वाहन काळा धूर सोडते.

स्वच्छता

डिझेल इंजिनात काजळी व तेलाची वाफ मिळून झडपेत आणि हवेच्या मार्गात चिकट थर साचतो. संथ व थोड्या अंतराच्या फेऱ्यांत तो लवकर वाढतो. झडप कायमची बंद केल्यास हा थर टळतो; परंतु नायट्रोजन ऑक्साइडे वाढतात. नियमित सफाई हाच योग्य उपाय होय.

भारतातील मानके

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनी डिझेल मोटारींसाठी या ऑक्साइडांची मर्यादा दर किलोमीटरला २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आणली. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत वाहनांच्या उत्सर्जनाची चाचणी होते.